खाज कोपरावर, दुखणं आतड्यात: डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसचं एक प्रकरण

रुग्ण ३६ वर्षांचा पुरुष, मूळचा जळगाव जिल्ह्यातला, बारा वर्षांपासून पुण्यात बैठ्या नोकरीत. तक्रार एकच: दोन्ही कोपरं, गुडघे, कुल्ले आणि मानेमागे केसांच्या कडेला चौदा महिने चाललेली खाज. रात्रीची झोप मोडलेली, चादरीवर रक्ताचे ठिपके, ऑफिसात भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट. पोटाचं विचारलं तर उत्तर ‘काही नाही’. जुलाब नाहीत, वजन उतरलेलं नाही. हा रुग्ण नमुन्यादाखल उभा केला आहे, पण त्याच्या वाट्याला आलेला प्रत्येक टप्पा, चुकलेला आणि साधलेला, या आजारात नेहमी दिसणारा आहे.

आजाराचं नाव डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नाव ऐकून हर्पिसची शंका येते, पण त्या विषाणूशी याचा काहीही संबंध नाही आणि हा आजार कुणाकडून कुणाला लागतही नाही. बारीक पुटकुळ्या झुपक्यांनी उठतात, एवढ्या साम्यावरून फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुई डुरिंग यांनी १८८४ साली हे नाव दिलं. या रुग्णांच्या आतड्यातही सिलिअ‍ॅक या आतड्याच्या आजारासारखेच बदल असतात, हे कळायला १९६६ साल उजाडलं. आज हा सिलिअ‍ॅक आजाराचाच त्वचेवरचा अवतार मानला जातो. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाविरुद्ध शरीर चवताळतं. बहुतेकांत त्याची झळ आतड्याला लागते आणि काहींत ती कातडीवर फुटते.

चौदा महिने कुठे गेले

पहिलं निदान खरूज. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर, आठ दिवसांनी पुन्हा, घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी. उपचार नियमाप्रमाणे झाला, तरी खाज हलली नाही. घरात दुसऱ्या कुणालाही खाज नव्हती आणि बोटांच्या बेचक्या स्वच्छ होत्या. खरुजेचं निदान डळमळायला या दोन गोष्टी तेव्हाच पुरेशा होत्या.

मग गजकर्ण समजून इट्राकोनॅझोल आणि सोबत दुकानातलं ते तीन-चार औषधं एकत्र कालवलेलं मलम. त्या मलमात तीव्र स्टेरॉइड असतं, त्यामुळे चार दिवस बरं वाटलं. याच आरामाने पुढचे पाच महिने खाल्ले. मलम लावलं की उतार, थांबवलं की पुन्हा पुटकुळ्या, आणि कोपराची कातडी पातळ होत गेली ती वेगळीच. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचा उपयोग शून्य. यात नवल नाही. लेव्होसेट्रिझिनसारख्या गोळ्या हिस्टामिन अडवतात आणि या खाजेला हिस्टामिनची गरजच नसते.

सर्वांत महागात पडली ती रक्ताची अ‍ॅलर्जी चाचणी. साठ-सत्तर पदार्थांच्या यादीत गव्हापुढे ‘निगेटिव्ह’ लिहून आलं आणि गव्हाचा विषय तिथेच मिटला. ही चाचणी आयजीई प्रतिपिंडं मोजते, म्हणजे खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजवणारी, अंगावर पित्त उठवणारी अ‍ॅलर्जी. सिलिअ‍ॅकमध्ये काम करतात आयजीए वर्गाची प्रतिपिंडं. आयजीई निगेटिव्ह आली म्हणून गहू निर्दोष ठरत नाही. ही चाचणी त्या प्रश्नासाठी नाहीच.

दहाव्या महिन्यात त्वचेचा तुकडा तपासला गेला. अहवालात ‘व्रण, खपली, न्यूट्रोफिल पेशी, ठोस निदान नाही’. न्यूट्रोफिल म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. तुकडा खाजवून सोललेल्या जागेचा होता आणि तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला होता. दोन्ही गोष्टी चुकल्या. कशा, ते पुढे येईलच.

अंगावरचा नकाशा

चौदाव्या महिन्यात ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे रुग्ण पोचला, त्यांनी मलमांची यादी बाजूला ठेवून पूर्ण अंग पाहिलं. निदानाचं अर्धं काम इथे झालं. या आजारात पुरळ कुठे उठतं याचा नकाशा ठरलेला असतो: कोपराचा मागचा भाग आणि त्याखालचा हात, गुडघ्याची वाटी, कुल्ले, माकडहाडाचा भाग, खांदे, डोक्याची कातडी. आणि दोन्ही बाजूंना सारखं. म्हणजे खुर्चीवर, भिंतीवर, जमिनीवर जिथे अंग टेकतं, घासतं त्या जागा. इसब याच्या उलट कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत बसतं. गजकर्णाला पुढे सरकणारी कड असते, आणि ते सहसा असं जोडीने, दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखं येत नाही.

दुसरी खूण, शाबूत पुटकुळी जवळपास दिसतच नाही. खाज इतकी कडक की फोड उठण्याआधीच नख लागतं, आणि डॉक्टरांपुढे येतात ते ओरखडे, खपल्या आणि काळे डाग. म्हणून रुग्णाला विचारायचं ते असं: नवी जागा उठण्याआधी तिथे आग होते का, मुंग्या येतात का? हा रुग्ण म्हणाला, आदल्या रात्री ‘निखारा ठेवल्यासारखं’ होतं आणि सकाळी तिथेच दाणे. पुरळाच्या आधी काही तास आग होणं ही या आजाराची फार बोलकी खूण आहे. हे रुग्ण आपणहून सांगत नाहीत.

आणखी खोदून विचारल्यावर पोटाचं ‘काही नाही’ही तितकंसं खरं निघालं नाही. वर्षभर दर महिन्याला तोंड येतं, संध्याकाळी पोट फुगतं, जिना चढताना धाप लागते. आई वीस वर्षं थायरॉइडची गोळी घेते. गावी लहानपणी रोज कळण्याची भाकरी होती. आता सकाळी चहाबरोबर बिस्किटं, डब्यात पोळ्या, संध्याकाळी पाव. गहू वाढला म्हणून आजार झाला असं एका माणसाबाबत म्हणता येत नाही, पण लोकसंख्येच्या पातळीवर धागा दिसतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशाच्या तीन भागांतले २३ हजारांहून अधिक प्रौढ तपासले गेले. सिलिअ‍ॅकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. रोजचा गहू उत्तरेत माणशी सुमारे ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडून पोळी पुढे आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी ‘हा पंजाबचा आजार’ असं समजून चालू नये.

दोन तुकडे, दोन बाटल्या

निदानाची खरी किल्ली त्वचेची डायरेक्ट इम्युनोफ्लुरेसन्स तपासणी. कातडीच्या वरच्या थराखाली बोटांच्या टोकांसारखे उंचवटे असतात. तिथे आयजीए प्रतिपिंडांचे कण सांडल्यासारखे साचतात आणि चमकणाऱ्या रंगद्रव्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे दिसतात. हे १९६९ मध्ये दाखवलं गेलं आणि आजही निदानाचा कस हाच आहे. ही प्रतिपिंडं कशाविरुद्ध असतात, ते २००२ साली कळलं: त्वचेतल्या ट्रान्सग्लुटामिनेज-३ या विकराविरुद्ध. आतड्यातल्या ट्रान्सग्लुटामिनेज-२ चा हा सख्खा भाऊ. आतड्यात पेटलेलं भांडण त्वचेपर्यंत पोचतं ते या नात्यामुळे.

आता तुकडा कुठून घ्यायचा? पुटकुळीवरून घ्यावासा वाटतो, आणि तिथेच फसगत होते. फोडाच्या जागी जमलेल्या न्यूट्रोफिल पेशी आयजीएचे कण खाऊन टाकतात, मग तपासणी खोटीच निगेटिव्ह येते. तुकडा हवा तो पुरळाशेजारच्या साध्या दिसणाऱ्या त्वचेचा, फोडाच्या कडेपासून साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर दूर, चार मिलिमीटरच्या पंचने. दुसरा तुकडा नव्या, शाबूत पुटकुळीच्या कडेचा, नेहमीच्या तपासणीसाठी.

बाटल्याही दोन. पुटकुळीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये. शेजारच्या त्वचेचा मात्र मिशेलच्या द्रावणात, कारण फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या तुकड्यावर ही चमक तपासता येत नाही. लहान गावांत नेमकं हेच द्रावण हाताशी नसतं. रुग्ण टेबलावर झोपवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून बाटली मागवून ठेवायची, एवढ्या एका फोनने पुढचे सहा महिने वाचतात. बाटल्यांवर नाव लिहिताना ‘फोड’ आणि ‘फोडाशेजारी’ असंही लिहावं. अदलाबदल झाली तर दोन्ही तुकडे वाया.

या रुग्णाच्या पुटकुळीच्या तुकड्यात त्वचेच्या थराखाली न्यूट्रोफिल पेशींचे पुंजके, शेजारच्या त्वचेच्या तुकड्यात उंचवट्यांच्या टोकांवर कणीदार आयजीए. निदान नक्की झालं. कण सलग रेषेत दिसले असते तर लिनिअर आयजीए नावाचा वेगळा आजार ठरला असता, ज्याचा ग्लुटेनशी असा संबंध नाही. म्हणून अहवालात नुसतं ‘आयजीए पॉझिटिव्ह’ वाचून थांबायचं नाही. कणीदार की रेषेत, ते पाहायचं.

पोळी सोडली, घाई झाली

तज्ज्ञांकडे येण्याच्या तीन आठवडे आधी रुग्णाने कुणाच्या तरी सल्ल्याने पोळी बंद केली होती. हेतू चांगला, पण वेळ चुकलेली. रक्तातली टीटीजी-आयजीए, म्हणजे आतड्यातल्या ट्रान्सग्लुटामिनेज-२ विरुद्धची प्रतिपिंडं, ग्लुटेन थांबलं की उतरू लागतात आणि सहा-बारा महिन्यांत नॉर्मलही होतात. आतड्याची सूजही ओसरते. मग तपासणीत काही सापडत नाही आणि माणूस कायमचा संशयात राहतो. पुन्हा निदान करायचं तर आठवडेच्या आठवडे रोज ग्लुटेन खाऊन खाज अंगावर ओढवून घ्यावी लागते.

या रुग्णाचं नशीब एवढंच की पोळी सुटली तरी बिस्किटं आणि पाव चालू होते. त्याला सांगितलं गेलं, सगळ्या तपासण्या होईपर्यंत पोळी पुन्हा सुरू करा. टीटीजी-आयजीए ४६ आलं, त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा १०. सोबत एकूण आयजीएही मोजलं, कारण काही लोकांत ते जन्मतःच नसतं आणि मग टीटीजी-आयजीए फसवं निगेटिव्ह येतं. त्वचेवर आजार असलेल्या काहींत टीटीजी नॉर्मलही असतं. तेव्हा रक्त निगेटिव्ह म्हणून त्वचेचा तुकडा टाळायचा नाही. त्वचेतलं आयजीए मात्र चिवट. ग्लुटेन सोडण्याचं पथ्य सुरू केल्यावरही ते कित्येक महिने, कधी वर्षंही टिकतं. ज्यांनी गहू आधीच सोडला आहे त्यांच्यासाठी हा एक दरवाजा उघडा असतो.

हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन (लोहाचा साठा) ८, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) ७.८. त्वचेचा निकाल पक्का असताना आतड्याचा तुकडा निदानासाठी लागत नाही. पण तरुण पुरुषाचं लोह इतकं खाली असेल तर आतून पाहणं रास्त होतं. दुर्बिणीतून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, दुसऱ्या भागातून चार आणि सुरुवातीच्या बल्बमधून दोन तुकडे घेतले. अन्न शोषणारे रोम झडलेले निघाले. जुलाब नसलेल्या माणसाचं आतडं असं असू शकतं. या आजारात बहुतेकांना पोटाची मोठी तक्रार नसतेच.

डॅप्सोन: दोन दिवसांचा आराम, वर्षभराची राखण

पथ्याने कातडी शांत व्हायला महिने लागतात. तोवर माणसाला झोप हवी. त्यासाठी डॅप्सोन. याचा गुण इतका झटपट असतो की तोच जणू निदानाला दुजोरा. या रुग्णाला रोज ५० मिलिग्रॅम सुरू केलं, तिसऱ्या रात्री तो सलग सात तास झोपला.

पण गोळी देण्याआधी जी६पीडी या विकराची तपासणी झाली पाहिजे. तो कमी असेल तर डॅप्सोनने तांबड्या पेशी भराभर फुटतात. ही कमतरता पारशी आणि सिंधी कुटुंबांत, तसंच काही आदिवासी समाजांत जास्त दिसते. तरी तपासणी सगळ्यांचीच करायची, आडनाव पाहून नव्हे. सोबत रक्तगणना आणि यकृताच्या चाचण्या. मग पहिला महिना दर आठवड्याला रक्त, पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी, नंतर तीन महिन्यांनी. जी६पीडी नॉर्मल असलेल्यांतही हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने उतरतं. याचं चौथ्या आठवड्यात १०.३ झालं. लोहाची गोळी चालू होती, गोळीच्या आगेमागे दोन तास चहा बंद होता, डोस वाढवला नाही आणि पुढे आकडा सावरला.

नवव्या दिवशी रुग्णाने गोळी आपणच बंद केली. दोन कारणांनी. पहिलं, मेडिकलवाल्याने सांगितलं, ‘हे कुष्ठरोगाचं औषध.’ ते खरंच आहे. १९४० च्या दशकापासून डॅप्सोन कुष्ठरोगावर वापरलं जातं आणि १९८१-८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध उपचारातही ते आहे. ज्या राज्यात कुष्ठरोगाने घरं तोडली, तिथे हे नाव कानावर पडल्यावर बायको-आईच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. दोष डॉक्टरांचा, त्यांनी आधी सांगायला हवं होतं: कुष्ठरोगात ही गोळी जंतू अडवते, तुमच्या आजारात न्यूट्रोफिल पेशींना आवरते, तुम्हाला कुष्ठरोग नाही. चिठ्ठी हातात देताना हे वाक्य बोललंच पाहिजे.

दुसरं कारण ऑक्सिमीटर. करोनाच्या काळात घेतलेलं यंत्र घरात होतं, त्यावर ९८ ऐवजी ९३ दिसलं. डॅप्सोनमुळे काही हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं आणि त्याच्यामुळे यंत्राच्या दोन प्रकाशकिरणांचा हिशेब चुकतो. आकडा फुफ्फुसाच्या प्रकृतीपेक्षा वाईट दिसतो. धाप नाही, ओठ निळे नाहीत, तर घाबरून जायचं नाही, पण डॉक्टरांना कळवायचं. ओठ-नखं निळसर झाली, डोकं दुखायला लागलं, चढताना दम लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना.

गोळी थांबताच दीड दिवसात खाज परतली आणि ती पुन्हा सुरू झाली. या वेळी धोक्याच्या खुणा कागदावर लिहून दिल्या: पहिल्या तीन महिन्यांत ताप आणि घसा दुखणं, कारण पांढऱ्या पेशी एकदम कोसळू शकतात, आणि चार-सहा आठवड्यांच्या सुमारास ताप, अंगभर लाली, मानेत गाठी, पिवळे डोळे, कारण ती डॅप्सोनची गंभीर अ‍ॅलर्जी असते. यातलं काहीही दिसलं तर गोळी बंद आणि थेट रुग्णालय. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. डॅप्सोनवर तांबड्या पेशी कमी दिवस जगतात, त्यामुळे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, खोटीच चांगली येते. साखरेचा अंदाज रोजच्या मोजणीवरूनच घ्यायचा.

आणि हेही पहिल्याच दिवशी सांगायचं: डॅप्सोन आतड्याला काडीचाही हात लावत नाही. खाज थांबली, आता पोळी खायला हरकत नाही, असं समजणारे रुग्ण वर्षानुवर्षं गोळीवर राहतात. आत लोह शोषलं जात नाही, हाडं पोकळ होत राहतात.

गिरणी, परात आणि हिंग

पथ्य म्हणजे गहू, जव, राय आणि त्यांची सगळी रूपं बंद, जन्मभर. रवा, मैदा, दलिया, शेवया, बिअर, जवाच्या माल्टची दूधपावडर. एवढं सगळ्यांना समजतं. महाराष्ट्रातल्या घरात पथ्य फसतं ते यापलीकडे.

आधी मापाचा अंदाज. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं प्रयोगातून दिसलं आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा पन्नासावा-साठावा भाग. लाटण्याला चिकटलेलं पीठ किती असतं, ते कुणाही घरच्या बाईला ठाऊक आहे.

सहा महिन्यांनी या रुग्णाचं टीटीजी २९ वर अडलेलं. डॅप्सोन २५ वर आणल्याबरोबर गुडघ्यांवर पुन्हा दाणे. तो शपथेवर सांगत होता की गव्हाचा घासही खाल्लेला नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता. आहारतज्ज्ञांनी तीन दिवसांचं लिहून घेतलं, पण ‘काय खाल्लं’ यावर न थांबता ‘कुठे दळलं, कशात मळलं, कशाची फोडणी’ असं विचारलं. चार गळती सापडल्या.

पहिली गिरणी. ज्वारी घरची, निवडलेली, पण दळली कोपऱ्यावरच्या गिरणीत, गव्हाच्या मागोमाग. चक्कीच्या पाळ्यांत, नळीत, कापडी पिशवीत आधीचं पीठ असतंच, आणि हवेतही असतं. ‘आधी किलोभर तांदूळ फिरवून घेतो’ हा गिरणीवाल्याचा भला तोडगाही पुरेसा नाही. उपाय घरघंटी, आणि तिच्यात गहू एकदाही घालायचा नाही. धान्य निवडताना ताटात पसरून पाहायचं, कारण शेतात, खळ्यात, पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. मग धुऊन, वाळवून दळायचं.

दुसरी हिंग. बाजारातलं खाण्याचं बहुतेक हिंग बांधणीचं असतं, म्हणजे खऱ्या हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक. आमटी, भाजी, ताक, लोणचं, सगळ्यात चिमूटभर. डबीवरचे घटक वाचायचे, मैदा असेल तर दुसरी घ्यायची. खडा हिंगही बांधणीचा असू शकतो.

तिसरी ताटातली वरकड. मेतकुटात गहू असतो हे निम्म्या घरांना आठवत नाही. थालीपिठाच्या भाजणीतही बरेच जण मूठभर घालतात. आणि खानदेशच्या माणसाची खास अडचण, कुरडई. गहू तीन दिवस भिजवून, वाटून काढलेला चीक पांढराशुभ्र दिसतो, ‘यात कुठलं पीठ’ असं वाटतं. पण त्यात ग्लुटेन उरतं, कुरडई वर्ज्यच. त्याऐवजी ज्वारीचे बिबडे चालतात, घरी केलेले आणि घरघंटीच्या पिठाचे असतील तर.

चौथी भांडी. लाकडी पोळपाट-लाटणं घासून स्वच्छ होत नाही, ते वेगळंच हवं. तवा, परात, चाळणी, पोळ्यांचा डबा, पीठ झाडायचा ब्रश वेगळा. स्टीलचं पातेलं, ताटं साबणाने धुतली की चालतात. घरात दोन्ही प्रकार होत असतील तर आधी भाकऱ्या, मग पोळ्या, हा क्रम पाळावा. बाहेर खाताना साधी इडली ठीक, पण सांबारच्या हिंगाचं विचारायचं. साधा डोसा रवा डोशाच्याच तव्यावर होतो. ज्या तेलात सामोसे तळले, त्यातली बटाटाभजी बेसनाची असली तरी नको. ओट्समध्ये गहू-जव मिसळलेले असतात, म्हणून साधे ओट्स नकोत, आणि ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलेही पहिलं वर्षभर टाळावेत. भारतात हा शिक्का लावायला मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे.

पथ्य नीट पाळूनही खाज उसळली तर आयोडीनकडे पाहावं. समुद्री शैवाल, आयोडाइड असलेली खोकल्याची औषधं काहींत पुरळ चेतवतात. इब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही असं होऊ शकतं. आयोडीनयुक्त मीठ मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

पुढचा वर्षभराचा हिशेब

चारही गळती बंद झाल्यावर बाराव्या महिन्यात टीटीजी ९, हिमोग्लोबिन १३.६. डॅप्सोन दिवसाआड २५, विसाव्या महिन्यात बंद. वेळ लागतो तो इतकाच, आणि तो रुग्णाला पहिल्या भेटीत सांगावा: गोळी सुटायला साधारण दोन वर्षं धरून चाला, कुणाला सहा महिने लागतात, कुणाला जास्त. मधे गावच्या लग्नात वरणबट्टीतली बट्टी टाळून त्याने नुसतं वरण घेतलं होतं. वाढणाऱ्याने त्याच हाताने बट्टी कुस्करली होती. चौथ्या दिवशी कोपराला आग, दीड महिना काळे डाग. आता तो अशा पंगतीला डबा घेऊन जातो आणि यजमानांना आधी फोन करतो.

टीएसएच वाढलेलंच राहिलं आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं निघाली, म्हणून थायरॉइडची गोळी सुरू झाली. या आजाराच्या जोडीला थायरॉइडचा असा विकार बऱ्याचदा असतो. हाडांची घनता एकदा मोजली. वर्षातून एकदा टीटीजी, रक्तगणना, फेरिटिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, टीएसएच. पथ्य चोख पाळण्याला आणखी एक वजनदार कारण आहे: या रुग्णांत लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा, धोका थोडा जास्त असतो, आणि तो पथ्याने कमी होतो.

राहिले घरातले. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या आई-वडील, भावंडं, मुलांमध्ये शंभरात सात-आठ जणांना हा आजार सापडतो, अनेकांना काहीही तक्रार नसताना. याची आठ वर्षांची मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसायची, वर्षभरात उंची जेमतेम दोन सेंटिमीटर वाढलेली. बाबांसाठी घरात भाकरीच होते तर तिलाही तीच देऊ, असं आजीचं म्हणणं होतं. तेव्हा डॉक्टरांनी थांबवलं. रक्त आणि दुर्बीण होईपर्यंत तिच्या डब्यातली पोळी तशीच चालू ठेवली. टीटीजी मर्यादेच्या दहापटीहून वर आलं, तुकड्यांनी निदान पक्कं केलं, आणि त्या संध्याकाळी घरातलं जुनं पोळपाट-लाटणं माळ्यावर गेलं.